कादंबरी, कात्रण आणि उत्तरपत्रिका

अमेरिकेतल्या हायस्कुलांत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना एक गृहपाठ हमखास मिळतो. जॉर्ज ऑर्वेलची '१९८४', ऑल्डस हक्स्लीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' किंवा मार्गारेट ॲटवुडची 'द हँडमेड्स टेल' यांपैकी एखादी डिस्टोपियन, म्हणजे जुलमी भविष्य रंगवणारी, कादंबरी वाचायची, त्याच काळात वर्तमानपत्रांतले काही स्तंभ वाचायचे आणि दोन्ही वाचून स्वतःला काय वाटले ते लिहून द्यायचे. आज हा प्रकार इतका रुळला आहे की शाळेइतकाच जुना वाटावा. प्रत्यक्षात त्याचे तीन भाग तीन वेगवेगळ्या वाटांनी वर्गात आले. विद्यार्थ्याचे मत विचारणे, वर्तमानपत्र पाठ्यपुस्तकासारखे वापरणे आणि जुलमी भविष्याची कादंबरी शिकवणे या तिन्ही गोष्टी एकत्र यायला शंभर वर्षे लागली, आणि तीही बऱ्याच ओढाताणीनंतर.

एकोणिसाव्या शतकातल्या साहित्याच्या वर्गात विद्यार्थ्याच्या मताला जागा नव्हती. उतारा पाठ करायचा, अवघड शब्दांचे अर्थ सांगायचे, लेखकाचे चरित्र लिहायचे आणि थोर टीकाकारांनी ठरवलेले गुण आपल्या शब्दांत उतरवायचे. महाराष्ट्रात 'संदर्भासहित स्पष्टीकरण' लिहिलेल्या कोणालाही ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको. तिथेही उत्तर आधीच ठरलेले असे आणि ते गाईडमध्ये छापलेले मिळे.

या पद्धतीला पहिला मोठा धक्का इंग्लंडमध्ये केंब्रिजला बसला. आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२०च्या दशकात विद्यार्थ्यांना कवितांचे कागद वाटायला सुरुवात केली. कागदावर कवीचे नाव नसे, काळ नसे. आठवडाभर वाचून काय वाटले ते लिहून आणा, एवढीच सूचना. नाव नसल्यामुळे कोणाची स्तुती करायची आणि कोणाला नावे ठेवायची हे कळायला मार्ग नव्हता. परत आलेले कागद रिचर्ड्स यांनी एखाद्या डॉक्टरने लक्षणे तपासावीत तसे तपासले. चांगल्या शाळांतून आलेल्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांना कवितेचा साधा अर्थही लागला नव्हता. अनेकांनी थोर कवींना झोडपले होते, सुमार कवींना डोक्यावर घेतले होते, आणि बहुतेकांच्या लिखाणात ठरावीक साच्यातल्या भावना होत्या. १३ कवितांवरचे हे कागद १९२९च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात आले. विद्यार्थ्याची प्रतिक्रिया हीच अभ्यासाची वस्तू होऊ शकते हे या पुस्तकाने दाखवले. मात्र रिचर्ड्स यांना ती प्रतिक्रिया हवी होती ती मुख्यतः दुरुस्त करण्यासाठी.

चारच वर्षांनी, १९३३मध्ये, एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्प्सन यांनी 'कल्चर अँड एन्व्हायर्नमेंट' हे शाळांसाठीचे पुस्तक काढले. त्यात कवितेच्या जागी जाहिराती आणि वर्तमानपत्री मजकूर होता. ही जाहिरात कोणत्या भीतीवर बोट ठेवते, या मजकुरात वाचकाला कसे गृहीत धरले आहे, असे प्रश्न मुलांना घातलेले होते. लेखकद्वयीचा सूर वर्तमानपत्रांविषयी तुच्छतेचा होता. मुलांनी पेपर वाचावा तो त्याच्यापासून सावध राहण्यासाठी, असा. पण दैनंदिन छापील मजकूर साहित्याइतकाच बारकाईने वाचण्याची सवय इंग्रजीच्या वर्गाला लागली ती या पुस्तकापासून, असे म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेत याच सुमारास लुईस रोझेनब्लॅट यांनी वेगळी मांडणी केली. १९३८च्या 'लिटरेचर ॲज एक्सप्लोरेशन'मध्ये त्यांचे म्हणणे असे होते की अर्थ केवळ पुस्तकात नसतो आणि केवळ वाचकाच्या डोक्यातही नसतो. दोघांची गाठ पडते तेव्हा तो तयार होतो. म्हणून शिक्षकाने सुरुवात मुलाच्या पहिल्या, ओबडधोबड प्रतिक्रियेपासून करावी आणि त्याला पुन्हा मजकुराकडे न्यावे. पुढे अनेक शिक्षकांनी यातला पहिला अर्धाच भाग उचलला. 'तुला जे वाटेल ते बरोबर' हे रोझेनब्लॅट यांचे मत कधीच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सरकारच्या युद्धमाहिती कार्यालयात काम केले होते. छापील मजकुरातून काय सांगितले जाते आणि काय लपवले जाते हे त्यांनी जवळून पाहिलेले होते.

वर्तमानपत्र वर्गात येण्याची वाट याहून सरळ आणि व्यापारी होती. १७९५मध्ये मेन प्रांतातल्या पोर्टलंडच्या एका पत्राने शाळांत वर्तमानपत्रे वाचावीत असा लेख छापला होता. अशी शिफारस करण्यात पत्राचा स्वार्थ होताच. १९३०च्या दशकात 'न्यूयॉर्क टाइम्स' शहरातल्या शाळांना अंक पुरवू लागला, आणि १९५०च्या दशकात अमेरिकी वृत्तपत्र प्रकाशकांच्या संघटनेने त्याला देशव्यापी कार्यक्रमाचे रूप दिले. आजचा विद्यार्थी हा उद्याचा वर्गणीदार, हे गणित त्यामागे उघड होते. भारतातही इंग्रजी दैनिकांनी शाळांसाठी स्वतंत्र आवृत्त्या काढल्या त्या याच धर्तीवर. महाराष्ट्रात मात्र अग्रलेख वाचून टिपणे काढण्याची सवय शाळेपेक्षा स्पर्धा परीक्षांनी लावली. 'यूपीएससी' आणि 'एमपीएससी'च्या अभ्यासिकांत अग्रलेखांच्या कात्रणांच्या फायली असतात. पण तिथे स्वतःच्या मताला महत्त्व असते ते गुण मिळतील एवढ्यापुरतेच.

सुरुवातीला वर्गात बातम्या वाचल्या जात, मतप्रदर्शन फारसे नसे. सहीचा राजकीय स्तंभ हाच अमेरिकेत तुलनेने नवा प्रकार होता. वॉल्टर लिपमन यांचा 'टुडे अँड टुमॉरो' १९३१मध्ये सुरू झाला आणि अनेक पत्रांतून एकाच वेळी छापला जाऊ लागला. २१ सप्टेंबर १९७० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखासमोरचे पान बाहेरच्या लेखकांच्या मतांसाठी खुले केले, आणि पाठोपाठ इतर पत्रांनीही. शिक्षकाच्या दृष्टीने हे पान म्हणजे सोय होती. सात-आठशे शब्दांत एक दावा, त्याला पुरावे आणि विरोधकाला उत्तर, असा मजकूर रोज ताजा मिळू लागला. इतका आटोपशीर नमुना कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हता.

डिस्टोपियन कादंबरी आणि वर्तमानपत्री स्तंभ यांचे नाते शाळेने जोडले असे समजले जाते, पण ते आधीपासूनचे आहे. एरिक ब्लेअर, म्हणजेच ऑर्वेल, बिहारमधल्या मोतिहारीत १९०३मध्ये जन्मला. १९४१ ते १९४३ या काळात तो लंडनमध्ये बीबीसीच्या भारतीय विभागात होता आणि हिंदुस्थानासाठी दर आठवड्याला युद्धवार्तांवर भाष्य लिहीत होता. त्याच्या इंग्रजी संहितांवरून मराठी, गुजराती, बंगाली आणि तमिळ बातमीपत्रे तयार होत. मूळच्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळे या विभागात त्याच्या सहकारी होत्या. त्यांनी पुढे 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. प्रत्येक संहिता प्रसारणाआधी सेन्सॉरच्या हाताखालून जाई. काय सांगायचे, काय गाळायचे, कोणते शब्द चालतील, या रोजच्या कामाचा ऑर्वेलला वीट आला होता. बीबीसी सोडल्यावर तो 'ट्रिब्यून' या डाव्या साप्ताहिकात गेला आणि ३ डिसेंबर १९४३ रोजी त्याचे 'ॲज आय प्लीज' हे सदर सुरू झाले. नावाप्रमाणेच त्याला वाटेल त्या विषयावर ते असे: गुलाबाची रोपे, वंशद्वेष, राजकीय भाषेतली भोंगळ विशेषणे, उडते बॉम्ब. वाचक चिडून पत्रे लिहीत आणि तो पुढच्या अंकात त्यांना उत्तर देई. याच साप्ताहिकात जानेवारी १९४६मध्ये त्याने येवगेनी झाम्यातिन यांच्या 'वी' या रशियन कादंबरीचे परीक्षण लिहिले. डिस्टोपियन कादंबरीवरची ही एका वाचकाची वर्तमानपत्री प्रतिक्रियाच होती, आणि तिच्यातले बरेच काही पुढे त्याच्या स्वतःच्या कादंबरीत उतरले.

जून १९४९मध्ये आलेल्या '१९८४'चा नायक विन्स्टन स्मिथ काय काम करतो हे पाहण्यासारखे आहे. तो 'टाइम्स'चे जुने अंक दुरुस्त करतो. नळीतून कागदाची एक गुंडाळी त्याच्या टेबलावर येते. त्यावर अंकाची तारीख आणि तुटक भाषेतली सूचना असते. सरकारचे भाकीत चुकलेले असेल तर जुन्या अंकातले भाकीतच बदलायचे, आणि मूळ कागद भिंतीतल्या एका फटीत टाकायचा. तो थेट भट्टीत जातो. एका प्रसंगी त्याला ३ डिसेंबर १९८३च्या अंकातले एक भाषण बदलायचे असते, कारण त्यात गौरवलेला माणूस आता मुळात नव्हताच असे ठरलेले आहे. विन्स्टन त्याच्या जागी ओगिल्वी नावाचा एक वीर सैनिक कल्पनेतून उभा करतो. तारीख ऑर्वेलच्या पहिल्या स्तंभापासून बरोबर चाळीस वर्षांनंतरची आहे. योगायोग असेलही; पण पत्रकाराचा उलटा अवतार म्हणून विन्स्टनकडे पाहिले की कादंबरीसोबत पेपर वाचायला सांगणाऱ्या शिक्षकाचा मुद्दा आपोआप कळतो.

या पुस्तकावरची एक जुनी प्रतिक्रिया खुद्द हक्स्लीची आहे. १९१७-१८मध्ये ईटनच्या शाळेत हक्स्ली फ्रेंच शिकवत असे आणि ऑर्वेल तेव्हा तिथे विद्यार्थी होता. ऑक्टोबर १९४९मध्ये मास्तरांनी जुन्या विद्यार्थ्याला पत्र पाठवून पुस्तकाची तारीफ केली आणि लगेच मतभेदही नोंदवला: पुढचे राज्यकर्ते लाथाबुक्क्यांवर वेळ घालवणार नाहीत, लोकांना आपली गुलामगिरी आवडावी अशी सोय ते लहानपणापासूनच करतील. कोणाचे भाकीत खरे ठरले, हा प्रश्न तेव्हापासून निबंधाच्या विषयांच्या यादीतून हटलेला नाही. नील पोस्टमन यांनी १९८५च्या 'अम्युझिंग अवरसेल्व्हज टू डेथ' या पुस्तकात हक्स्लीच्या बाजूने कौल दिला, आणि पोस्टमन यांची ती छोटीशी प्रस्तावना आज मूळ कादंबऱ्यांइतकीच वर्गात वाचली जाते. दोन जाडजूड पुस्तकांऐवजी दोन पाने वाचून भागते, हेही त्याचे एक कारण असणार.

शीतयुद्धाने ऑर्वेलला शाळेत नेले. 'ॲनिमल फार्म' आणि '१९८४' ही सोव्हिएत राजवटीविरुद्धची पुस्तके म्हणून सरकारला सोयीची होती. १९५४चा 'ॲनिमल फार्म' हा व्यंगपटच सीआयएच्या पैशाने निघाला आणि त्यात शेवट बदलून इतर प्राणी सत्ताधारी डुकरांविरुद्ध उठाव करतात असे दाखवले गेले. अशा वातावरणात मुलाच्या प्रतिक्रियेला फार मोकळीक नव्हती. पुस्तक 'त्यांच्या'विषयी आहे, 'आपल्या'विषयी नाही, हे उत्तर जवळपास ठरलेले होते. उलट बाजूने आक्षेपही येत राहिले. १९८१मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सन काउंटीत '१९८४'वर तक्रार झाली ती हे पुस्तक कम्युनिझमला अनुकूल आहे म्हणून. पुस्तक न वाचता दिलेली प्रतिक्रिया हाही या इतिहासाचा एक भाग आहे.

विद्यार्थ्यांच्या प्रतिक्रियेने प्रत्यक्षात काही घडवून आणल्याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र ब्रॅडबरीच्या पुस्तकाचे आहे. 'फॅरनहाइट ४५१' १९५३मध्ये आले. त्यात अग्निशामक दलाचे काम आग विझवण्याचे नसून घरोघरची पुस्तके जाळण्याचे असते. ब्रॅडबरीने त्याचे पहिले रूप लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ-ग्रंथालयाच्या तळघरात, अर्ध्या तासाला दहा सेंट भाड्याच्या टाइपरायटरवर बडवून काढले होते. १९६७मध्ये प्रकाशक बॅलंटाइनने हायस्कुलांसाठी 'बाल-हाय' नावाची आवृत्ती काढली. लेखकाला न सांगता तिच्यातल्या ७५ जागा बदलल्या गेल्या. शिव्या गेल्या, गर्भपाताचा उल्लेख गेला, एका प्रसंगातला दारुडा माणूस नुसता आजारी झाला. सुरुवातीला प्रौढांसाठीची मूळ आवृत्तीही मिळत होती. १९७३नंतर बाजारात फक्त कापलेली प्रत राहिली. पुस्तके जाळण्याविषयीच्या पुस्तकाला कात्री लागली आहे हे सहा वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. १९७९च्या सुमारास विद्यार्थ्यांनी ब्रॅडबरीला पत्रे लिहून ही विसंगती कळवली. त्यानंतर मूळ मजकूर पुन्हा जुळवला गेला आणि ब्रॅडबरीने पुस्तकाला एक संतप्त परिशिष्ट जोडले. त्यात या पत्रांचाही उल्लेख आहे. या मुलांनी जे केले ते कुठल्याही प्रश्नपत्रिकेत बसत नाही: दोन प्रती शेजारी ठेवून वाचणे.

प्रतिक्रिया लिहायची कशी, याची रीत १९८०च्या दशकात पक्की झाली. ॲन बर्थॉफ यांनी दुहेरी नोंदवही सुचवली. पानाच्या मधोमध रेघ ओढायची. डावीकडे पुस्तकातले वाक्य किंवा प्रसंग, उजवीकडे त्यावर स्वतःचे म्हणणे, आणि काही दिवसांनी त्या म्हणण्यावर पुन्हा म्हणणे. '१९८४'मध्ये चॉकलेटचा शिधा ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर येतो आणि दुसऱ्याच दिवशी तो २० ग्रॅमपर्यंत वाढवल्याबद्दल नेत्याचे आभार मानणाऱ्या मिरवणुका निघाल्याची बातमी येते. सामान्य नोंदीत उजवीकडे 'सरकार खोटे बोलते' एवढेच लिहिलेले असते. चांगल्या नोंदीत विद्यार्थी पुढे विचारतो की कालचा आकडा लोक विसरले कसे, आणि मग त्याच किमतीत वजन घटलेल्या बिस्किटांच्या पुड्याविषयीच्या लेखाचे कात्रण खाली चिकटवतो. कादंबरीत सरकार जे करते ते बाजारात कंपनी करते, हे त्याला शिक्षकाने सांगितलेले नसते. तुलना पूर्ण जमतेच असे नाही. पुड्यावर नवे वजन छापलेले असते, ते कोणी भट्टीत टाकत नाही. हा फरक वहीत नोंदवणारे विद्यार्थी थोडे, आणि शिक्षक ज्याची वाट पाहतात ते हेच.

ॲटवुडची 'द हँडमेड्स टेल' १९८५मध्ये आल्यावर कात्रणांच्या या पद्धतीला लेखिकेकडूनच आधार मिळाला. इतिहासात कुठे ना कुठे घडलेले नाही असे काहीही पुस्तकात घ्यायचे नाही, असा तिचा नियम होता. तिने जमवलेली वर्तमानपत्री कात्रणे टोरांटो विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. वर्गातली मुले कादंबरीकडून पेपरकडे जातात. ॲटवुड पेपरकडून कादंबरीकडे आली होती.

कादंबरी आणि स्तंभ यांची सक्तीची जोडी मात्र परीक्षांनी आणि धोरणांनी लावली. अमेरिकी हायस्कुलांतल्या 'एपी इंग्लिश लँग्वेज' या परीक्षेत २००७पासून एक नवा प्रश्न आला: एकाच विषयावरचे सहा-सात उतारे वाचायचे आणि त्यांतल्या किमान तीन उताऱ्यांचा आधार घेऊन स्वतःची बाजू मांडायची. या उताऱ्यांत स्तंभलेखांची भरपूर ये-जा असते. २०१०मध्ये 'कॉमन कोअर' ही अभ्यासक्रमाची मानके आली. बारावीच्या मुलाच्या एकूण वाचनात ७० टक्के वाटा माहितीपर मजकुराचा असावा, असे त्यात होते. हे प्रमाण इतिहास-विज्ञानासह सगळ्या विषयांचे मिळून होते. पण अनेक शाळांनी ते एकट्या इंग्रजीच्या तासाचे मानले, आणि कादंबऱ्यांवर संक्रांत आली. शिक्षकांनी त्यातून तोड काढली. '१९८४' ठेवायची आणि तिच्याभोवती पाळत, खासगीपणा, प्रचार यांवरचे चार-पाच स्तंभ लावायचे, म्हणजे टक्केवारी जमते. स्तंभाने कादंबरी गिळली असे तेव्हा पुष्कळांना वाटले. निदान डिस्टोपियन कादंबरीच्या बाबतीत उलटेच झाले: अभ्यासक्रमात तिची जागा टिकली ती स्तंभांच्या आडोशाने.

याच काळात कॅलिफोर्नियातले शिक्षक केली गॅलघर यांचा 'आर्टिकल ऑफ द वीक' हा उपक्रम पसरला. आठवड्याला एक लेख, न कळलेल्या जागांवर खुणा आणि शेवटी एक पान प्रतिक्रिया. मुलांना कादंबरी कळत नाही याचे कारण भाषेपेक्षा जगाची माहिती नसणे हे आहे, असे गॅलघर यांचे निदान होते. हुकूमशाही म्हणजे काय हे ज्याने कधी वाचलेले नाही, त्याला '१९८४'मधला नेता 'बिग ब्रदर' हा टीव्हीवरचा कार्यक्रमच वाटणार.

जून २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारची पाळत उघड केली तेव्हा '१९८४'चा खप उसळला. जानेवारी २०१७मध्ये ट्रम्प यांच्या सल्लागार केलीॲन कॉनवे यांनी दूरचित्रवाणीवर 'पर्यायी तथ्ये' असा शब्दप्रयोग केल्यावर पुस्तक ॲमेझॉनच्या यादीत पहिले आले आणि पेंग्विनला ७५,००० जादा प्रती छापाव्या लागल्या. त्या आठवड्यात सगळे स्तंभलेखक ऑर्वेलचे दाखले देत होते. शिक्षकांपुढे त्यातून नवी अडचण उभी राहिली. कादंबरीचा अर्थ आता पेपरच तयार करून देत होता, आणि जुन्या गाईडची जागा स्तंभाने घेतली होती. ज्या लेखातून मत बनवायला शिकायचे, तिथलेच मत उचलून वहीत उतरवणे सोपे झाले.

२०२३मध्ये आयोवा राज्याने लैंगिक वर्णन असलेली पुस्तके शालेय ग्रंथालयांतून काढण्याचा कायदा केला. काही शाळांनी '१९८४' आणि 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' फळीवरून उतरवली. मेसन सिटीच्या शाळाखात्याने पुस्तके तपासायला माणसे आणि वेळ नाही म्हणून चॅटजीपीटीला विचारले की अमुक पुस्तकात असे वर्णन आहे का. यंत्राच्या होकारावरून काढलेल्या १९ पुस्तकांत 'द हँडमेड्स टेल' होते. त्याच वर्षी विद्यार्थीही आपली प्रतिक्रिया याच यंत्राकडून लिहून घेऊ लागले होते, आणि त्यावर उपाय म्हणून अनेक शिक्षकांनी वही-पेन काढायला लावून प्रतिक्रिया तासाभरात, वर्गातच आणि हाताने लिहून घ्यायला पुन्हा सुरुवात केली.